पास की परत

सुरत,
१९ ऑगस्ट १९९६

तीर्थस्वरूप शैलाआत्या,
सा. न.

फोन बाबांच्या खोलीत आहे, म्हणून पत्र लिहिते. झालं ते असं:

१. शुक्रवारी, १६ तारखेला, बाबा नेहमीप्रमाणे स्कूटरवर कडोदऱ्याला मिलमध्ये कामावर गेले.

२. रंगून निघालेल्या कापडाचे तुकडे त्यांच्या टेबलावर आले. बाबांनी ते खिडकीपाशी नेऊन नमुन्याच्या रंगाशी ताडून पाहिले. 'पास' म्हटलं नाही. 'परत'ही म्हटलं नाही. टेबलावर ठेवून दिले.

३. त्यांच्या शब्दाशिवाय कापड पुढे जात नाही. ओलं कापड मशिनपाशी साचत गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पूर्ण रंगाई बंद पडली.

४. शोधाशोध केल्यावर बाबा स्कूटर स्टँडवर सापडले. स्कूटरवर बसलेले, डोक्यात हेल्मेट, किल्ली खिशात.

५. त्यांच्या हाताखालचा रंगाईचा मास्तर निंबा त्यांना रिक्षाने घरी घेऊन आला. स्कूटर अजून तिथेच आहे.

६. आईने काय झालं विचारलं. ते म्हणाले, "काही नाही. कोणी काही विचारू नका."

७. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मिलमध्ये सगळ्यांचा समज डोळे गेले असाच आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे क्वचित बघायला मिळतात.

८. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब थोडा जास्त सांगितला, झोपेची गोळी दिली आणि 'आराम' असं लिहून दिलं. किती आणि कसला, ते लिहिलं नाही.

९. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आज सोमवार. बाबा गेले नाहीत. गॅलरीत खुर्चीवर बसून आहेत. गॅलरी उत्तरेची, तिथला उजेड दिवसभर बदलत नाही, म्हणून हा फ्लॅट त्यांनी घेतला होता हे तुला माहीत आहे. रविवारी किंवा सणाला मिलमधून कोणी तुकडे घेऊन आलं की ते तिथेच उभे राहून बघायचे. आज सकाळी निंबा पिशवी घेऊन आला, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखता येतो.

माझं काम तुला ठाऊक आहे. इच्छापोरच्या कारखान्यात दाबाची आणि तापमानाची मापकं बरोबर दाखवतात की नाही ते मी तपासते. मापक चुकत असेल तर ते प्रमाण मापकाशी ताडून बघतात, फरक काढतात, दुरुस्त करतात. इथे ताडायचं कशाशी, तेच मला कळत नाही.

तू नाशिकला कंपन्यांतल्या मोठ्या अधिकाऱ्यांचं समुपदेशन करतेस. म्हणून विचारते. हे तुझ्या कामातलं आहे का? असल्यास त्यात नेमकं काय करतात, ते कोण करतं, आणि ते संपलं हे कशावरून ओळखायचं?

उत्तर ३१ ऑगस्टपर्यंत मिळावं.

तुझी,
गौरी


नाशिक,
२७ ऑगस्ट १९९६

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे टेंडरची नोटीस. मुदतीसकट. वाचून आधी हसले आणि मग चहा गार होईपर्यंत तशीच बसले. दादा हेल्मेट घालून उभ्या स्कूटरवर बसलाय हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना.

हो, हे माझ्या कामातलं आहे. माझ्याकडे असेच लोक येतात. कुणी चीफ इंजिनियर, कुणी बँकेतला मोठा साहेब. सगळे पन्नाशीच्या पुढचे, कामात वाकबगार. वर्षानुवर्षं शेवटचा शब्द त्यांचा असतो. सगळे त्यांना विचारतात आणि त्यांना मात्र कोणी विचारायला उरत नाही. मग एक दिवस हात उचलत नाही. याला वेड म्हणत नाहीत, आळस तर नाहीच. माणूस आतून वापरून संपलेला असतो. लोक त्याला झोपायला सांगतात, पण झोपेने भरून निघेल असलं ते नसतं.

दादाला मात्र मी बघू शकत नाही. सख्ख्या भावाचं समुपदेशन कोणी करत नाही, तसा आमचा नियमच आहे. आणि नियम नसता तरी काय? माझ्यासमोर तो आठवीतल्या शैलाची गणितं तपासणारा दादा होणार. अजून मला त्याच्यासमोर वही पुढे करायची सवय आहे. तुझ्या बारशाला मी झबलं आणलं होतं, तेसुद्धा त्याने गॅलरीत नेलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "पास." वहिनी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

तुमच्या सुरतेत नानपुऱ्याला प्रबोधभाई म्हणून आहेत. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. एका होमिओपॅथिक दवाखान्याच्या वर बसतात. मराठी समजतं, बोलतातही, आपल्या पद्धतीने. मी त्यांना लिहिलंय.

आता तुझ्यासाठी. दादाला फसवून नेऊ नकोस. कुठे जायचंय ते सांग. खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर आल्यावर विचारू नकोस, त्यालाही नाही आणि प्रबोधभाईंनाही नाही. आणि सध्या त्याच्यापुढे कुठलाही निर्णय ठेवू नका. धुळ्याला देवपुरातला आमचा वडिलोपार्जित प्लॉट आहे ना, त्याचं यंदा काय ते ठरवायचं होतं. पण मीही त्याला त्यातलं अवाक्षर विचारणार नाही. बघ, मी स्वतःपासून सुरुवात करते.

संपलं हे कशावरून ओळखायचं, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर मला आत्ता देता येत नाही. चिडू नकोस.

तुझी,
शैलाआत्या


सुरत,
२३ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप शैलाआत्या,
सा. न.

चिडले आहे. कारणं देते.

बाबांना खरं सांगून नेलं. त्यांनी विचारलं, "हा प्रबोधभाई कुठल्या मिलचा?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. तुमच्याशी बोलणार आहेत."

"कशाबद्दल?"

"ते तुमच्यावर आहे."

"म्हणजे त्यालाही मीच सांगायचं," बाबा म्हणाले आणि चपला घातल्या.

तेव्हापासून दर बुधवारी जातात. मी खाली होमिओपॅथीच्या बाकावर बसते. एक तास होतो, ते खाली येतात, आम्ही घरी येतो. वाटेत ते बोलतात ते असं: जिन्याची तिसरी पायरी निसटलेली आहे. प्रबोधभाईंचा पंखा आवाज करतो. एकदा म्हणाले, "त्यांच्या पडद्याला दोन वेगवेगळ्या लॉटचं कापड लावलंय. रंग जुळत नाही." मला आशा वाटली. मी विचारलं, "मग परत करायला सांगितलंत का?" ते रस्त्याची दुसरी कड धरून घरापर्यंत चालले.

तुझा नियम मी मागच्या बुधवारी मोडला. बाबांना खाली बसवून वर गेले आणि प्रबोधभाईंना विचारलं की एवढ्या भेटींनंतर काय निष्कर्ष आहे.

ते म्हणाले, "बेन, तुमी एन्जिनियर ने?"

"हो. उपकरणं."

"तर सांगा, तुमी मीटर लावला, आणि दर दोन मिनिटाला उघडून अंदर पाहिला, तर मीटर बरोबर सांगेल?"

मी म्हटलं, "मापक बंद करायचं तरी त्याची कारणं नोंदवतात."

"मी नोंद नाय ठेवत," ते म्हणाले. "चाय पिशो?"

चहा घेतला नाही.

त्यांनी बाबांना घरचा अभ्यास दिला आहे. तो आम्हांला दिसतो म्हणून कळला. बाबांनी गॅलरीतली खुर्ची फिरवली आहे. आता ते उजेडाकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून बसतात. आई म्हणते, "शिक्षा केल्यासारखं काय बसायचं ते?" ते म्हणतात, "बरं वाटतं." आई माझ्याकडे बघते. मला तिला सांगायला काही नसतं, कारण मलाही कोणी काही सांगितलेलं नाही.

मिल थांबलेली नाही. मालक ठाकोरभाई शेठनी मुंबईहून एक मास्तर आणला, तो दोन आठवड्यांत गेला; तेव्हापासून शेठ स्वतःच अंदाजाने माल सोडतात. आता निंबा रोज सकाळी तुकड्यांची पिशवी घेऊन येतो. तो मूळचा पारोळ्याकडचा. बाबांनी त्याला रंगांच्या ढवळणीवरून उचलून मास्तर केलं, म्हणून तो त्यांना देवासारखं मानतो. मी त्याला जिन्यातच अडवते.

"ताई, नुसती एक नजर. आकाशी रंग शे. पार्टी बोंब मारी राहिनी."

"तू पास कर."

"मी?" तो पिशवी छातीशी धरून उभा राहिला. "ताई, मना हात कापतस."

वीस वर्षं बाबांच्या शेजारी उभा आहे. हे मला समजत नाही. एकच माणूस पाहू शकतो अशी व्यवस्था कुठल्याही कारखान्यात चालवून घेणार नाहीत. आमच्याकडे एका मापकावर सगळं अवलंबून असेल तर दुसरं जोडीला बसवतात, पहिलं बिघडायच्या आधी.

आणखी एक अडचण आहे, पण तिचा या गोष्टीशी संबंध नाही. कंपनीने मला दहेजला नव्या कारखान्याच्या उभारणीवर जायला सांगितलं आहे. जागा वरची आहे, दीड वर्ष तिथेच राहावं लागेल, आणि बायकांत मी एकटी असेन. हो किंवा नाही मला दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत कळवायचं आहे. कागद गणपतीच्या आधीपासून गॅलरीतल्या स्टुलावर ठेवला आहे. बाबांनी तो पाहिलेला नाही. रोज सकाळी मी तो सरळ करून ठेवते.

पुढे काय करायचं ते ५ ऑक्टोबरपर्यंत कळव.

गौरी


सुरत,
१२ ऑक्टोबर १९९६

चि. शैलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही नकाशे पोचले. देवपुरातल्या प्लॉटवर कोणत्या बिल्डरचा आराखडा बरा हे तू विचारले आहेस. 'दादा, नुसती नजर टाक' असे लिहिले आहेस. मी पाकीट उघडले, नकाशे पाहिले आणि कपाटावर ठेवले. उत्तर देता येत नाही. राग मानू नये.

तुझ्या प्रबोधभाईंनी मला एक प्रश्न घातला होता. म्हणाले, "घरमां एवुं कोण छे जे तमने कशुं बतावतुं नथी?" म्हणजे असे कोण, जे तुम्हांला काहीच दाखवायला आणत नाही. मी म्हटले पुढच्या बुधवारी सांगतो. घरी आलो. बायकोने दोन भाज्या पुढे धरल्या, कोणती करू. गौरीचा कागद स्टुलावर. जिन्यात निंबा. कपाटावर तुझे नकाशे. पुढच्या बुधवारी जाऊन सांगितले, असे कोणी नाही. ते म्हणाले, "आ टेव कोणे पाडी?" ही सवय कोणी लावली. मी निघून आलो. जिन्यात बराच वेळ उभा होतो. गौरीला वाटले पायरी निसटली.

लहानपणी तू वही आणायचीस तेव्हा मला बरे वाटायचे. निंबाने पहिल्यांदा तुकडा आणला तेव्हाही. त्याला एकदा म्हटले होते, मला विचारल्याशिवाय एक वारसुद्धा पुढे जाऊ द्यायचे नाही. त्याने ते शब्दशः धरले. धरले म्हणून मी इतकी वर्षे साहेब राहिलो. त्याला पाहता येऊ लागले तर मी तिथे कशाला जायचे, हा प्रश्न मला कधी पडू दिला नाही.

त्या शुक्रवारी निंबाने मोतिया रंगाचा तुकडा आणला होता. तो बरोबर होता. मला दिसत होते की बरोबर आहे. फक्त शब्द येईना. तोंड उघडले आणि वाटले, हा शब्द मी आता म्हटला तर त्याच्यामागे दुसरा तुकडा येईल. मग खाली जाऊन स्कूटरवर बसलो. तिथे कोणी काही आणत नाही.

हे गौरीला सांगू नकोस. ती त्यावर उपकरण शोधेल.

तुझा,
दादा


नाशिक,
२० ऑक्टोबर १९९६

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, मुदत टळली, दंड काय तो आकार. इथे एका कारखान्यातल्या अधिकाऱ्यांचं शिबिर होतं. बारा साहेब, एकाहून एक. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं की त्यांना कसलाही ताण नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एकजण डाळीकडे बघत रडला. त्यामुळे सगळ्यांचीच डाळ गार झाली.

तुझा राग मला समजतो. पण प्रबोधभाई काही करत नाहीत असं वाटतंय ते खरं नाही. दादाने खुर्ची फिरवली ना? चौपन्न वर्षांच्या माणसाने घरात खुर्ची फिरवणं ही लहान गोष्ट नव्हे. माझ्याकडचा एक जण निम्मं वर्ष नुसता येऊन घड्याळ बघायचा.

तुझा दहेजचा कागद मात्र त्या स्टुलावरून उचल. संबंध नाही म्हणतेस, पण आहे. कसा, ते माझ्याकडून नको, तूच बघ. तू हुशार आहेस.

आता दिवाळी येते. लाभपाचमेला मुहूर्त करून तुमच्याकडे मिल्स पुन्हा चालू होतात, आणि शेठ तेव्हा दादाला बोलवल्याशिवाय राहणार नाही. त्याने जायला हरकत नाही. पण माणूस बरा होऊन त्याच खुर्चीत तसाच परत बसला तर पुढच्या वर्षी पुन्हा स्कूटर स्टँडवर सापडतो, हे मी फार वेळा पाहिलंय. काम तेच राहिलं तरी कामाची रीत बदलावी लागते. तिथे गेल्यावर काय करायचं नाही, हे त्याने आधी ठरवायला हवं. ते तू ठरवू नकोस. मीही नाही.

संपलं हे कशावरून ओळखायचं, हे तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस. माझा अनुभव असा: माणूस कशाला तरी नाही म्हणतो आणि त्यानंतर पोटभर जेवतो. यापेक्षा चांगलं मापक माझ्याकडे नाही.

वहिनींना म्हणावं, चकल्या पाठवायच्या राहिल्या तर चालेल. दादाला म्हणावं, नकाशांची घाई नाही.

तुझी,
शैलाआत्या


सुरत,
२२ नोव्हेंबर १९९६

तीर्थस्वरूप शैलाआत्या,
सा. न.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचून मी बाबांना विचारलं, "कसले नकाशे?" त्यांनी कपाटाच्या वर बोट दाखवलं. पाकिटावर नाशिकचा शिक्का होता, तारीख सप्टेंबरची. अवाक्षर विचारणार नाही, असं तू मला ऑगस्टमध्ये लिहिलं होतंस.

मी त्यावर जास्त लिहिणार नव्हते. पण पाकीट खाली काढताना स्टुलावरचा माझा कागद दिसला. मग मी दोन्ही घेऊन माझ्या खोलीत गेले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. कागद उडू नये म्हणून मी त्यावर अडकित्ता ठेवत होते. तो बाबांच्या नजरेसमोर राहावा म्हणून खुर्ची फिरली तेव्हा मी स्टूलही फिरवलं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण ते तसं आहे.

आता झालेलं सांगते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ठाकोरभाई शेठ मिठाई घेऊन आले. बसले. तब्येत विचारली, आईच्या चकल्यांचं कौतुक केलं, बाबांना म्हणाले, "तमे तो घरना माणस." मग मिठाईच्याच पिशवीतून रबर लावलेली तुकड्यांची गड्डी काढली.

"साहेब, आ जरा जोई लो ने. काम नथी, एक नजर ज नाखवानी छे." म्हणजे काम नाही, नुसती एक नजर टाकायची.

आई चहा ठेवायला उठली. तिने सवयीने गॅलरीचं दार उघडलं, उजेड यावा म्हणून. मी उठून बंद करणार होते. बाबाच उठले. त्यांनी दार लावलं आणि परत येऊन बसले.

"शेठ, इथे यापुढे बघणार नाही."

"तबियत बरोबर नथी?"

"तब्येत बरी आहे. घरी बघणार नाही."

"तो मिलमां?"

"लाभपाचमेला येतो. बघू."

शेठ हसले, पण गड्डी पिशवीत ठेवायला त्यांना दोन वेळा खटपट करावी लागली. रबर निसटलं. जाताना जिन्यात मला म्हणाले, "बेन, साहेबने कोणे चढाव्या?" तुमच्या वडिलांना कोणी चढवलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले का, हे मी मुद्दाम बघितलं. नाही. अर्ध्यावर उठले. तेव्हा तुझं मापक इथे चाललं नाही.

लाभपाचमेला मुहूर्ताला घरच्यांनाही बोलावतात. आई, बाबा आणि मी गेलो. स्कूटर ऑगस्टपासून स्टँडवरच होती, कोणीतरी तिला झेंडूची माळ घातली होती. पूजा झाली, नारळ फुटला. मग रीत अशी की वर्षातला पहिला लॉट रंगून निघतो, त्याचा तुकडा मोठ्या साहेबाच्या हातात देतात, साहेब 'पास' म्हणतात आणि पेढे वाटतात. हा मुहूर्ताचा लॉट असतो. त्याला आजवर दुसरा शब्द कोणी वापरलेला नाही. मी लहानपणापासून पाहते आहे, बाबा तो तुकडा नीट बघतसुद्धा नसत.

निंबाने तुकडा आणला. फिका गुलाबी. बाबांनी तो घेतला, खिडकीपाशी गेले आणि निंबाला हाक मारली. तुकडा त्याच्या हातात परत दिला.

"तू सांग."

सगळे हसले. त्यांना वाटलं सणाची थट्टा आहे. निंबाही हसला. मग त्याला दिसलं की बाबा हसत नाहीत.

"साहेब, मना हात कापतस."

"माझेही कापायचे. तसेच बघायचं. सांग."

निंबा तुकडा घेऊन उजेडात उभा राहिला. मूळ नमुन्याशी लावला, उलटा केला, पुन्हा लावला. शेठच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. सुपडू म्हणून मशिनवरचा एक म्हातारा कामगार आहे, तो मागून म्हणाला, "बोल ना भो, पेढा सुकी जाई."

निंबा म्हणाला, "परत."

 शेठनी ताट खाली ठेवलं. निंबाने बाबांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग निंबाने स्वतःच मशिनवाल्याला हात केला, आणि मुहूर्ताचा लॉट पुन्हा रंगात गेला. पेढे संध्याकाळी वाटले. शेठ अपशकुन झाला म्हणाले, एकदा गुजरातीत आणि एकदा हिंदीत, कोणालाही कळलं नाही असं होऊ नये म्हणून.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "बाबा, तो तुकडा खरंच वाईट होता?"

"मी असतो तर पास केला असता. चाललं असतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

आईने डोक्याला हात लावला. बाबा हसले. आवाज न करता, पण रिक्षावाल्याने आरशात बघावं इतके गदगदून. घरी गेल्यावर दोनदा भात घेतला. मी ते नोंदवलं नाही.

सगळं नीट झालं असं समजू नकोस. निंबाने स्कूटर घरी आणून दिली आहे, पण बाबा आता फक्त सकाळी जातात. दुपारचे तुकडे निंबा बघतो आणि बऱ्याचदा चुकतो. शेठ निंबावर ओरडतात आणि बाबांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. बाबांना नुसतं 'सल्लागार' करायचं चाललं आहे असं कानावर आलं आहे. तसं झालं तर ते पद आहे की निरोप, हे कोणी सांगत नाही. परवा सकाळी बाबा हेल्मेट घालून पुन्हा जिन्यात उभे होते. बराच वेळ. मी वरून बघत होते, खाली गेले नाही. मग स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. प्रबोधभाईंकडे बुधवार चालू आहेत. ते मला अजूनही काही सांगत नाहीत. चहा मात्र मी आता घेते.

दहेजचं मी शनिवारी ऑफिसात सही करून दिलं. हो म्हणून. कागद पुन्हा घरी आणला नाही. रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि न बघता हात पुढे केला, तळवा वर, तुकडा घेतात तसा. हात रिकामा राहिला. ते हाताकडे बघत राहिले. मी त्यात ताकाची वाटी दिली.

मग त्यांनी विचारलं, "कधी निघणार?"

"एक डिसेंबरला."

"दहेजला वारा फार असतो. खारा. तुझी उपकरणं गंजतील."

"त्याची सोय करतात."

"मग ठीक," ते म्हणाले. ठीक. पास म्हणाले नाहीत.

आता तुझ्याकडून एक हवं आहे. दोन्ही नकाशे या पत्रासोबत परत पाठवत आहे. बाबांना सांगून पाठवते, त्यांनी ते पुन्हा उघडून बघितले नाहीत. प्लॉट तुम्हा दोघांचा आहे हे मला माहीत आहे. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "शैला ठरवेल ते मला चालेल, पण तिने ठरवायला पाहिजे." पन्नाशीच्या अधिकाऱ्यांना तू हेच शिकवतेस. तेव्हा कोणता बिल्डर, कोणता आराखडा, की विकायचाच नाही, ते तू ठरव. काय ठरवलंस ते बाबांच्या नावाने पत्र लिहून कळव. त्या पत्रात एकही प्रश्न नसावा. पाकीट मी उघडणार नाही.

तुझं पत्र शनिवार, ३० नोव्हेंबरपर्यंत इथे पोचावं.

गौरी